दीदी, शोध होलो?

बालीगंज, कोलकाता
९ जुलै २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते. फोन काका उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात. ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला नको आहे. टपाल दुपारी येतं आणि तेव्हा ते फिजिओथेरपीला गेलेले असतात, असं तू मागे म्हणाली होतीस. त्या भरवशावर लिहितेय.

दुर्गापूजेला तुम्ही दोघांनी इथे यायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काका मला म्हणाले होते, "खिदिरपूरच्या गोदीत नऊ वर्षं काढली, एकदा नुसतं बाहेरून तरी बघू." बाबांच्या बदल्यांमुळे माझ्या पहिल्या तीन इयत्ता तुझ्या स्वयंपाकघरात झाल्या. काका तेव्हा इथे कस्टममध्ये एकटे होते आणि बंदरात आलेल्या जहाजांची नावं मला कार्डावर लिहून पाठवायचे. त्या कार्डांवर तू मला वाचायला शिकवलंस. त्यामुळे ती गोदी मला बघितल्याशिवायच ओळखीची आहे.

अडचण गाडीची आहे. माझ्या गाडीच्या डिकीत दोन छत्र्या मावतात. काकांची चाकांची खुर्ची मावत नाही. मी तुझ्याकडून मापं घेतली होती ना, त्या मापाची पुठ्ठ्याची खुर्ची कापून बघितली. तीही मावली नाही.

म्हणून जुनी गाडी देऊन मोठी घ्यायचं ठरवलंय. आता जे सांगते ते वाचून रागावू नकोस. जुन्या गाडीचं कर्ज अजून साडेचार लाख बाकी आहे आणि शोरूमने गाडीची किंमत धरली सव्वातीन लाख. म्हणजे गाडी देऊनसुद्धा मी सव्वा लाखाने खालीच. हा फरक नव्या कर्जात घालतात, शोरूम जुनं कर्ज बँकेला भरून टाकतं आणि मला एकच हप्ता राहतो, जरा जाड. मी चार वेळा हिशेब केला, झेपेल. पण गाडी नाही तिचं कर्ज नव्या गाडीवर घालून हिंडायचं, हे बरोबर दिसतं का?

शोरूममधले सौगतबाबू भले गृहस्थ आहेत. मी मोडकंतोडकं बंगाली बोलते म्हणून इतके खूश झाले की आता माझ्याशी हिंदी बोलायलाच तयार नाहीत. फक्त एका गोष्टीचं मला वाईट वाटलं. सगळं ठरल्यावर ते म्हणाले, "दीदी, आपनार पुरोनो लोनटा आमराइ शोध कोरे देबो." म्हणजे माझ्या कर्जाचा हे लोक शोध घेणार! जणू मी काही दडवलंय. आजवर मी एक हप्ता चुकवलेला नाही. मी म्हटलं, "ना ना, आपनादेर शोध कोरते होबे ना. शोब आमार काछे आछे," आणि सगळ्या कागदांची फाइल त्यांच्यापुढे सरकवली. ते बघतच राहिले. "आपनि निजेइ शोध कोरबेन?" मी ताठ मानेने म्हटलं, "आमि निजेइ." काही शोधायचं असेल तर मी स्वतः शोधून देईन, दुसऱ्याने माझ्या व्यवहारात डोकवायचं कारण नाही. त्यांनी चक्क हात जोडले, दुसरा चहा मागवला आणि फॉर्मवर लिहिलं, 'जुने कर्ज : सेल्फ.' मी सही केली.

मी उद्धटपणा केला का?

तुझी,
चैत्राली

मिरज
१७ जुलै

चि. चैत्रालीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, वाचलं आणि साबुदाण्याच्या डब्यात ठेवलं. ह्यांना साबुदाणा आवडत नाही, त्या डब्याकडे ते फिरकत नाहीत.

पुठ्ठ्याची खुर्ची वाचून मी हसले. आम्ही येतो. आझाद हिंद एक्सप्रेसची तिकिटं गल्लीतला प्रथमेश काढून देणार आहे. ह्यांना सांगितलंय की नागपूरला विनीताकडे जायचंय. "नागपूरला बंगाली धोतर कशाला घेऊ?" असं विचारत होते. मी धोतर बाहेर का काढलं तेच मला कळत नाही. लपवाछपवी आपल्याला जमत नाही, बाई.

कर्जाचं म्हणशील तर पायापेक्षा वहाण मोठी, हे मी म्हणणारच होते. पण वहाण कुणासाठी घेतेयस ते कळल्यावर काय बोलणार? झेपत असेल तर घे. आणि शोध घेतात तर घेऊ देत. ज्याच्या पदरात काही नाही त्याने झडती द्यायला कशाला घाबरायचं? उद्धटपणा नाही, पण मिजास जराशी झाली.

एक विचारते. या सौगतबाबूंचं वय काय? पत्रात ते चार वेळा आलेत. चहा दोनदा. लग्न झालेलं आहे का?

तुझी आत्या,
वासंती

बालीगंज
१३ ऑगस्ट

ती. आत्यास नमस्कार.

सौगतबाबूंचं लग्न झालंय आणि त्यांना जुळ्या मुली आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

आत्या, घोटाळा झालाय. जुनी गाडी त्यांनी नेली. नवं कर्ज मंजूर झालं, पैसे शोरूमला गेले. आणि या महिन्यात माझ्या खात्यातून दोन हप्ते कापले गेले. जुन्या गाडीचाही आणि नव्या गाडीचाही. जुनी गाडी माझ्याकडे नाही. नवी अजून दिलेली नाही. मी बसने सेक्टर फाइव्हच्या ऑफिसला जाते आणि दोन गाड्यांचे हप्ते भरते.

बँकेत गेले. तिथली बाई म्हणाली, तुमचं जुनं कर्ज जसंच्या तसं आहे, कुणी काही भरलेलं नाही. शोरूमला फोन केला, तर सौगतबाबू उलट मलाच विचारतात, "दीदी, शोध होलो?" एक दिवसाआड फोन येतो. शोध होलो? मला वाटलं त्यांच्याकडून एखादा कागद हरवलाय आणि माझ्याकडे सापडला का, असं विचारतायत. मीच म्हटलं होतं ना, मी शोधीन. आता काय शोधायचं, हे विचारायची लाज वाटते. म्हणून रविवारी सगळं कपाट उपसलं. जुना विमा सापडला, सर्व्हिसिंगची बिलं सापडली, तू बाबांना पाठवलेली दहा वर्षांपूर्वीची राखीची पाकिटं सापडली. सगळं घेऊन गेले. त्यांनी एकेक कागद प्रेमाने बघितला, परत दिला आणि म्हणाले, "शे तो होलो, किन्तु शोध?"

नवी गाडी काचेपलीकडे उभी आहे, निळी. डिकी उघडून दाखवली त्यांनी. खुर्ची आडवी आरामात जाईल.

चैत्राली

मिरज
२१ ऑगस्ट

चि. चैत्राली,

आशीर्वाद नंतर. आधी हे ऐक. गाडी त्यांच्याकडे, पैसे त्यांच्याकडे, आणि शोधायचं तू? याला माझ्या भाषेत लबाडी म्हणतात. जुळ्या मुली असल्या म्हणून काय झालं? कागदावर तक्रार कर. ग्राहक न्यायालय असतं ना तुमच्याकडे?

ह्यांच्याशी यातलं काही बोलता येत नाही म्हणून माझा जीव गुदमरतोय. परवा न राहवून मी एवढंच विचारलं, "अहो, बंगाली माणसं व्यवहाराला कशी?" तर म्हणाले, "माशाच्या बाबतीत काटेकोर. का?" मी म्हटलं, सहज.

तिकिटं झाली. षष्ठीला सकाळी पोचतो. गाडी नसेल तर टॅक्सी करू, त्यात काय? पण तू पुठ्ठा कापलास ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही. सोडू नकोस त्यांना.

वासंती

बालीगंज
२९ ऑगस्ट

ती. आत्यास नमस्कार.

तक्रार लिहून झाली. तीन पानं. 'शोरूमचे प्रतिनिधी श्री. सौगत यांनी जाणूनबुजून फसवणूक केली,' असं त्यात आहे. 'जाणूनबुजून' हा शब्द मी तीनदा खोडला आणि तीनदा परत लिहिला. तो काढला तर तक्रारीत जीव राहत नाही, आणि ठेवला तर मला खाली सही करवत नाही.

कारण मला खात्री नाही, आत्या. फसवणारा माणूस एक दिवसाआड फोन करील का? काल मी शोरूममध्ये रडकुंडीला आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी संदेश मिठाई मागवली आणि आपल्या बायकोला फोन करून सांगितलं की आज उशीर होईल, एक दीदी अडचणीत आहेत. माझ्यासमोर! मग मॅनेजर आले. म्हणाले, तुमचे पैसे आमच्याकडे वेगळे ठेवलेत, एक पैसा कुठे जाणार नाही, आधी शोध, मग पैसे. आणि वर म्हणाले, "बँकेर आपत्ति ना थाकलेइ गाडी." बँकेवर आपत्ती नसेल तरच गाडी मिळेल! मी घाबरून त्याच दुपारी बँकेत जाऊन आले. बँक व्यवस्थित चालू आहे. पंखे फिरतायत, लोक पासबुकं भरतायत. कसली आपत्ती?

मराठी मंडळाच्या गणपतीत अमेयला विचारलं. तोही माझ्यासारखाच नवा. म्हणाला, ही नक्की काहीतरी धमकी आहे, ताई.

सोमवारी, ८ तारखेला, तक्रार देणार. दिली की सौगतबाबूंची नोकरी बहुतेक जाईल. खरं असेल तर जाऊ दे. खोटं असेल तर मी आयुष्यभर कुठलं तोंड घेऊन फिरू? आणि दिली नाही तर काका गोदी बघणार टॅक्सीच्या टपावर खुर्ची बांधून. तू एकदा नीट 'दे' किंवा 'नको' म्हण. तू म्हणशील ते मी करीन.

चैत्राली

मिरज
२ सप्टेंबर

चि. चैत्राली,

तक्रार देऊ नकोस. हे पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलंय, पुढचं सावकाश वाच.

साबुदाणा मला आवडत नाही, असं तुझ्या आत्याला लग्नापासून वाटतंय. मला साबुदाणा आवडतो. मला तिने केलेली खिचडी आवडत नाही. काल ती गौरीच्या हळदीकुंकवाला गेली, मला भूक लागली, मी म्हटलं आपली आपण करून बघू. डबा उघडला तर आत तू. पाचही पत्रं वाचली (तिने तिच्या उत्तरांच्या प्रतीसुद्धा ठेवल्यात, कस्टममध्ये मी नाही तीच शोभली असती). खिचडी करपली. मी खुर्चीत बसून इतका हसलो की शेजारचा रमेश धावत आला, त्याला वाटलं मला झटका आला.

अगं वेडे, बंगालीत शोध म्हणजे फेड! कर्ज शोध करणं म्हणजे कर्ज फेडणं. आपण ज्याला शोध म्हणतो त्याला ते खोंज म्हणतात. आता तुझं पहिलं पत्र पुन्हा वाच. तो बिचारा म्हणाला, "तुमचं जुनं कर्ज आम्हीच फेडून टाकू." तू म्हणालीस, "मुळीच नाही, तुम्ही फेडायचं नाही, सगळे माझ्याकडे आहेत." त्याने थक्क होऊन विचारलं, "तुम्ही स्वतः फेडणार?" आणि तू, सव्वा लाखाने खाली असलेली माझी भाची, ताठ मानेने म्हणालीस, "मी स्वतः." हात जोडील नाही तर काय करील? त्याला वाटलं कुणी जमीनदारीण आली.

तेव्हापासून तो विचारतोय, "दीदी, फेडलं का?" आणि तू त्याला राखीची पाकिटं नेऊन दाखवतेयस.

आपत्तीचंही तसंच. बंगालीत आपत्ति म्हणजे हरकत. बँकेची हरकत नाही असा दाखला आला की गाडी, एवढंच मॅनेजर म्हणाला. बँकेवर काही कोसळलेलं नाही. पण तुला हसायचा मला अधिकार नाही. खिदिरपूरला माझा पहिला महिना होता. एका गोदामाचा माल तपासत होतो, तर कारकून दारातून ओरडला, "सर, आपत्ति आछे!" मी सगळं गोदाम रिकामं करवलं. हमाल, मुकादम, चहावाला, सगळे उन्हात. अर्धा तास आम्ही गोदामाकडे बघत उभे होतो. शेवटी मुकादमाने अदबीने विचारलं, साहेब, नक्की काय व्हायचं आहे? एका पेटीवरच्या शिक्क्याला व्यापाऱ्याची हरकत होती. माझी बदली होईपर्यंत लोक मला 'आपत्ति-साहेब' म्हणत.

आता उद्याच त्या सौगतकडे जा आणि सरळ हिंदीत बोल. बंगाली तू उत्तम शिकशील, पण लाखाच्या वरचं सगळं काही दिवस हिंदीत. पैसे त्यांच्याकडे आहेत, त्यांनीच बँकेला भरावेत, सेल्फ खोडावं, सही करावी.

आणि एक गंमत. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तुझ्या आत्याने तुला तीन वर्षं घरी बसवून शिक्षा दिली, हे वाक्य दोन्ही भाषांत खरं आहे.

नागपूरला जायचं नाही हे कळल्याचा आनंद मी तिला दाखवलेला नाही. तिला तिचं गुपित अजून काही दिवस वापरू दे. हे पत्र माझ्या हाताने पोस्टात टाकतोय, काठी घेऊन, कोपऱ्यापर्यंत. डॉक्टर गेले तीन महिने हेच सांगत होते.

तुझा काका,
चंद्रकांत

बालीगंज
१८ सप्टेंबर

ती. काका आणि ती. आत्या, दोघांना नमस्कार.

(आत्या, काकांना सगळं माहीत आहे. रागावू नकोस. खिचडीचं मी काहीच सांगणार नाही.)

पत्र शनिवारी मिळालं. मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी वाचलं.

शोरूमला धावले. सौगतबाबूंना म्हटलं, आज हिंदी. ते इतके गंभीर झाले की मला वाटलं आता हेच रडतात. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यांना कळेना. मग कळलं. मग ते खुर्चीतून उठून मागच्या खोलीत गेले आणि तिथून मला नुसता आवाज ऐकू येत होता. बाहेर आले तेव्हा मॅनेजर, रोखपाल आणि गाड्या धुणारे दोघं बरोबर होते. मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. राखीच्या पाकिटांपाशी मॅनेजरनी टेबलावर डोकं टेकलं. सौगतबाबू म्हणाले, त्यांनी घरी बायकोला सांगितलं होतं की एक मराठी मुलगी आलीय, साडेचार लाख खिशात घेऊन फिरते आणि बसने जाते. खरे श्रीमंत असेच असतात.

मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल, असं विचारलं त्यांनी. तक्रारीची तीन पानं पर्समध्येच होती. वाटलं, न दिलेल्या तक्रारीची कबुली द्यायला हवी का? मग बाहेर पडले आणि 'जाणूनबुजून' या शब्दापासून सुरुवात करून पानं फाडली. आत्या, मी बरोबर केलं ना?

शोरूमने बँकेला पैसे भरले. मध्यंतरी गेलेल्या जुन्या कर्जाच्या दोन हप्त्यांमुळे मुद्दल थोडं उतरलं होतं, तेवढे पैसे त्यांनी मला परत दिले. व्याज मात्र गेलं ते गेलं. ती बंगाली शिकण्याची फी. बँकेचा ना-हरकत दाखला काल हातात आला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की बँकेची काही हरकत नाही. मी तो सौगतबाबूंपुढे ठेवला आणि म्हटलं, "आपत्ति नेइ. शोध होयेछे." अख्ख्या शोरूमने टाळ्या वाजवल्या. एक नवरा-बायको गाडी बघायला आले होते, त्यांनीही वाजवल्या.

निळी गाडी खाली उभी आहे. पुठ्ठ्याची खुर्ची डिकीत ठेवून पाहिली. वर आत्याची एक बॅगही राहील.

स्टेशनवर घ्यायला येतेय.

चैत्राली

बालीगंज
८ ऑक्टोबर

ती. काका, ती. आत्या,

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीतच होते आणि फोन ठेवल्यावर डिकी उघडली. काका, तुमची खुर्ची माझ्या डिकीत आहे!

हावड्याला हमालाने स्टेशनचीच खुर्ची आणली, तिथेच चुकलं. आपण गप्पांत होतो. आत्या साबुदाण्यावरून तुमच्याशी भांडत होती. मी किती हलगर्जी! ज्या खुर्चीसाठी गाडी घेतली तीच मी उतरवून घ्यायला विसरले. आणि आता आठवतंय, सहा दिवसांत ती फक्त दोनदा बाहेर काढली आपण. गोदीच्या गेटवर रखवालदाराने आत सोडलं नाही तेव्हा तुम्ही पुलापर्यंत काठीवरच चालत गेलात. मी खुर्ची आणते म्हटलं, तर "थांब, आधी ते वाच" म्हणून समोरच्या जहाजाकडे बोट दाखवलंत. मी मोठ्याने नाव वाचलं. तुम्ही आत्याकडे वळून म्हणालात, "येतं गं हिला."

तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. उद्याच नीट बांधून कुरियर करते. खर्चाचं काढू नका. तोपर्यंत तुम्ही कसे हिंडताय?

चैत्राली

मिरज
१५ ऑक्टोबर

चि. चैत्राली,

हिंडतोय तो असा: पोस्टापर्यंत रोज, मंडईपर्यंत एक दिवसाआड. काल साबुदाणा मीच आणला. तुझी आत्या आता खिचडी माझ्या पद्धतीने करते आणि चांगली झाली की स्वतःच्या पद्धतीने केली म्हणते.

खुर्ची हावड्याला विसरली नाही. हमाल डिकीकडे वळला होता, त्याला मीच म्हटलं, "थाक." तुझ्या आत्याने ऐकलं, पण तिला बंगाली येत नाही.

गाडीचं कर्ज पाच वर्षं चालेल म्हणालीस. तोवर दर पूजेला डिकीत काहीतरी आमचं असलेलं बरं. तेव्हा कुरियर वगैरे काही नको. ही खुर्ची आमचं तुझ्याकडचं येणं समज, आणि मेहेरबानी करून ते शोध करू नकोस.

तुझा,
आपत्ति-साहेब

ता. क. मी हे वाचलं. 'थाक' म्हणजे 'राहू दे', ते मला त्याच दिवशी कळलं होतं. - आत्या